नत्थुजीचा दुपट्ट्याखालचा गेम

...अन् वरून मलेच म्हणे, "रागिणी, तू मधात बोलू नको, काम नाजूक हाय!" आता तुमीच सांगा बायाहो, मी काई बोलली काय? नाई बोलली! पलंगाखाली मेलेल्या स्क्रीना, फ्रिजवर मेलेल्या स्क्रीना, देवघरात समईच्या बाजूले एक स्क्रीन... कोण्या कारची, कोण्या मोबाईलची, कोण्या कायची! भंगारवाल्या रहीमचाचाच्या दुकानातून पोत्यानं आणे हा माणूस. कोण म्हणजे? आमचे हे, गोपालराव! बार्शीटाकळीत मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय आमचं. लोकायचे मोबाईल तिकडे पडून राहिले, अन् हे घरी बसून व्हिडिओ गेम बनवून राहिले होते. हातात धरून खेळाचा! कोणासाठी? लेकरासाठी? नाई हो... बापासाठी!

हसू नका. आधी ऐका तं खरं.

आमचे मामाजी, म्हणजे माहे सासरे नत्थुजी, बैलबाजारातले दलाल. साधेसुधे नाई! विकणारा इकडे, घेणारा तिकडे, मधात मामाजी. हातावर दुपट्टा टाकला, दुपट्ट्याखाली बोटं धरली, दाबली, झाला भाव! बाजूले गर्दी उभी असली तरी कोणाले पत्ता नाई. तोंडानं भाव बोलला तो दलाल कायचा, असं म्हणत. मंग पाण्यानं दगा देल्ला, कपाशीच्या पऱ्हाटीनं दगा देल्ला, अन् तेही एका सालाले नाई, लागोपाठ! जो तो बैल विकाले आणे, घेणारा कोणीच नाई. मामाजी सकाळी जात अन् संध्याकाळी दुपट्टा घडी केलेलाच घेऊन वापस येत. त्याच हिवाळ्यात लकवा मारला त्यायले. जबान गेली. उजवा हात लाकडावानी पडला.

अकोल्याचा डाक्टर म्हणे, "बोटं चालवा, नाई तं कायमची जातीन." रबरचा बॉल देल्ला दाबाले. मामाजीनं तो फेकला भिंतीवर, डाव्या हातानं! मंग जेवणच सोडलं हो. भाकर पुढे केली का तोंड भिंतीकडे. चमचाभर वरण, बस. पाहता पाहता हाडं दिसाले लागले. मी सैपाकघरात रडो, हे दुकानात रडत, एकमेकायले दिसू नाई म्हणून. असा माणूस हातचा जाते का काय, भेवच वाटे.

तव्हा यायच्या डोक्यात आलं, गेम! "बटनं दाबतीन तं बोटं चालतीन." अन् सुरू झालं बाप्पा! बाजारातला टीव्हीले जोडाचा गेम आणला, त्याचं सर्किट काढलं, मोबाईलची बॅटरी लावली. रायली स्क्रीन. एकीवर नुसतं पांढरं! एकीवर नुसत्या रेघा! एक चांगली निघाली, तं तिच्या मागं कागदावानी पातळ पट्टी असते, ती यायच्याच हातानं तुटली, अन् माह्याकडे असे पाहून राहिले का जशी म्याच तोडली! मी काई बोलली काय? नाई बोलली!

अन् मंग यायची नजर गेली माह्या डीवीडीवर...

सीडी लावून पिच्चर पाहाची छोटी डीवीडी होती ती, झाकणालेच स्क्रीन. लग्नात माह्या बाबानं देल्ली होती. सीडी फिरनं बंद झालं, तरी म्या अलमारीत साडीत गुंडाळून ठेवली. काहून? आता काहून म्हणजे! बाबा नाई आता. हे तोंडानं काई मागत नव्हते. फक्त पोहे खात अन् अलमारीकडे पाहत. खात अन् पाहत! म्या मनात म्हटलं, पाहा, डोळे फुटेपर्यंत पाहा, मी देत नाई!

मंग एक दिवस मामाजीनं वरणाचा चमचाही हातानं लोटला. त्यादिवशी मी काई बोलली काय? नाई बोलली. साडी सोडली अन् डीवीडी यायच्या पुढे ठेवली. यायनं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, पण नाक वढून राहिले होते.

लागली हो स्क्रीन! माह्या शेवयाचा पिलास्टिकचा डबा कापून त्याच्यात बसवली, बाजूले बटनं. लाल कार भुर्रर्र पळाले लागली. यायनं डबा मामाजीच्या हातात देल्ला. मामाजीनं पाह्यलं, डोळे चमकले... अन् डाव्या हातानं उजवा हात गोधडीत वढून घेतला. तोंड भिंतीकडे. हे तं खालीच बसले, भुईवर.

माह्या डोक्यात आलं तव्हा! म्हटलं, "अहो, दलाल हाय तो माणूस! चारचौघात उघडी बोटं चालवीन काय?" दुपट्टा आणला, टाकला उजव्या हातावर... तं गेमही दुपट्ट्याखाली! कार कोठी अन् रस्ता कोठी! मंग डबा पुन्हा कापला. स्क्रीन स्टुलावर, बटनं वायरच्या टोकाले, वायर दुपट्ट्याखाली. आमी दोघं श्वास धरून उभे. कार सरळ चालली, धडकली. पुन्हा चालली, पुन्हा धडकली. अन् मंग... सरकली बाप्पा! जराशीच, पण डाव्या बाजूले सरकली! दुपट्टा हालला! म्या पदर तोंडात कोंबला. हे तं लहान लेकरावानी रडले, अन् म्या रडू देल्लं.

आता तुमी म्हणसान, झालं ना चांगलं, मंग बोंबलून काहून राहिली? अहो, आता गेमच सुटत नाई त्यायचा! ताट थंड होते. मांगच्या महिन्यात एक दिवस म्हटलं, "मामाजी, भाकर किती वाढू?" तं दुपट्ट्याखालून माही बोटंच पकडली! सासरा सुनेचा हात धरते? मी किंचाळली! बाजूले रहीमचाचा बसले होते भेटाले, भंगाराच्या आधी तेही बैलबाजारातच होते. त्यायनं आपला हात दुपट्ट्याखाली घातला अन् हसून हसून लोटपोट. "अरे बेटी, नत्थू तो कब से बोल रहा है, तुम लोगां सुनतेच नई! एक उंगली पकडी, मतलब एक रोटी!" अन् मंग चाचानं मले सगळी बोटं शिकवली. एक कसं, दोन कसं, अर्ध कसं.

तव्हापासून रोज दुपारी सौदा! ते एक बोट दाबते, मी दोन दाबते. ते तोंड वाकडं करते, बैल जसा म्हातारा निघाला! मी काई बोलते काय? नाई बोलत, पुन्हा दोन दाबते. खूप ताणून दीड भाकरीवर पटते. चांगले खाते आता, अंगावर मांस आलं...

पण तुमाले सांगते, दलाल तो दलालच! दीड भाकरीच्या सौद्यावर आंब्याच्या लोणच्याची फोड वेगळी मांगते, दलाली म्हणून. द्या लागते बाप्पा, काय करता!