सहीच्या वरची मोकळी जागा

— नाही नाही, सही खोटी नाही, छापील म्हणते मी. फरक आहे ना त्यात? तू वकील आहेस, तुला कळायला हवं. खोटी म्हणजे मी बसून गिरवलेली. ही चंद्रप्रभाबाईंचीच आहे, त्यांच्या हातची — त्यांनी एकदा केली आणि मी पुष्कळदा छापून घेतली, एवढंच. आणि फसवत नाही हं कुणाला, सांगते गिऱ्हाइकाला, सही छापील आहे, बोट फिरवून बघा. तरी घेतात. गेल्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये टेबलावर या बाजूला माझी भाजणी आणि मेतकूट, त्या बाजूला चंद्रप्रभाबाईंचे फोटो, आणि भाजणी उरली. बस ना, उभी का तू? वृंदा ना? घर सापडलं ना नीट? मुनिरकेत पोस्टमनसुद्धा चुकतो.

तर कुमुदताईंनी पाठवलं तुला. पुण्यात बसून दिल्लीतला वकील शोधला म्हणजे बिल्कुल रागावल्यात. साहजिक आहे, आई होती ती त्यांची — संगीत नाटकातली एवढी मोठी बाई, आणि तिचा फोटो मेतकुटाशेजारी. कुणी कळवलं त्यांना? नोएडाच्या दिनकररावांनी? तरीच. दोन नेले त्यांनी, एक ड्रॉइंगरूमला, एक जावयाला. नेताना काही बोलले नाहीत. बरं, विचार तुला काय विचारायचं ते, मी काही लपवत नाही.

फोटो कुणी काढला? ह्यांनी. आमच्या ह्यांनीच, आत झोपलेत ते, पायामुळे आताशा बाहेर पडत नाहीत. मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर होते, फोटोंचा नाद. छे, सरकारी कॅमेरा कसला, सरकारनं ह्यांना पेन्सिल धड दिली नाही कधी. स्वतःचा होता — म्हणजे माझ्या बाबांनी लग्नात दिलेला. त्याचं काही होतं का गं कायद्यात? कॅमेरा माहेरचा असला तर? नाही? अच्छा. तर हे तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी, आणि चंद्रप्रभाबाईंची नाटक कंपनी कोपर्निकस मार्गावर उतरली होती, जुन्या महाराष्ट्र सदनात. हे चहा-नाश्त्याचं बघायला म्हणून गेले. मग मंडळी पानिपत बघायला निघाली, दिल्लीत आलेल्या मराठी माणसाला पानिपत दाखवावंच लागतं ना, तर हे तिकडेही गेले. मला आजवर नेलं नाही. धूळ आहे नुसती, म्हणाले. फोटो मात्र धुळीतला नाही, सदनाच्या लॉनवरचा आहे, सकाळचा. मागे ती जास्वंद दिसते बघ.

पैसे? तिच्याकडून? काहीतरीच विचारतेस. ती म्हणालीही असेल, द्यायला हवेत म्हणून, पण हे कसले घेतात! माझ्या भाच्याच्या मुंजीत रोल धुण्याचा खर्च मागितला होता ह्यांनी, माझ्या सख्ख्या भावाकडून. तिच्याकडून नाही घेतले. का गं, एवढं लिहून काय घेतेस? — काय म्हणालीस? परत सांग. तिनं पैसे देऊन काढवून घेतला असता तर हक्क तिचा, म्हणजे आता कुमुदताईंचा. घेतले नाहीत म्हणून ह्यांचा? अजब कायदा आहे. पण मग जिंकलेच की मी! कुमुदताईंना सांग, तुमचा काही संबंध नाही. छापील आहे असं मागे लिहून टाकू? लिहिते, त्यात काय, शिक्का करून घेते. चलो, झालं. चहा टाकू?

मूळ फोटो? तो आत आहे, ह्यांच्या पलंगासमोर. आत्ता नको, झोपलेत म्हटलं ना. छापायला म्हणून एक दिवस उतरवला होता तर दिवसभर हेमलता, फोटो कुठाय, हेमलता, फोटो कुठाय. एरवी जेवलो की नाही तेही आठवत नाही ह्यांना. — कुठली जागा? सहीच्या वरची? असते तशी. काही लोक खाली सही करतात. बरं, होतं काहीतरी. नाव होतं ह्यांचं, विलासरावांना, असं. आता विकायच्या फोटोवर ते कसं ठेवणार, गिऱ्हाईक विचारणार कोण हे विलासराव. म्हणून पुसून घेतलं, इथे खालीच कॉम्प्युटरवाला आहे. आणि नावापुढे एक ओळ होती, तीही. त्या मुलाला मराठी येत नाही, पण अक्षरं तर तीच ना, त्यानं सगळ्या दुकानात मोठ्यानं वाचली — ‘इतकं नीट मला कुणी पाहिलं नव्हतं.’ आंटीजी, ये भी हटाना है? म्हटलं, हटा दो.

असं काय बघतेस? चांगली ओळ आहे. खरीही आहे — फोटो बघ ना, कानामागची एक बट सुटलीय, तीही सोडली नाही ह्यांनी. माझेही आहेत की काढलेले. सगळ्यांत माझे डोळे मिटलेले. मीच मिटते म्हणे.

विकते कशाला? मंडळाच्या लायब्ररीसाठी. तसं सांगते मी सगळ्यांना. आता तू इतकं लिहूनच घेतेस तर — एकच फोटो असला ना, की माणूस रोज त्याच्याकडे बघत पडून राहतो. म्हटलं, लागू दे नोएडात, लागू दे द्वारकेत, गुडगावात कुणाच्या फ्रिजवर लागू दे. सगळ्यांकडे झाला की मग कुणा एकाचा खास नाही ना राहत? राग आला होता मला. अजून आहे. इतक्या वर्षांनी कसला राग म्हणशील, तर म्हण. हे लिहू नकोस.

कुणाची परवानगी? ह्यांची? थांब, मला समजू दे. म्हणजे कुमुदताई मला अडवू शकत नाहीत, आणि मी ज्यांचा माल चोरला ते आत झोपलेत. एका कागदावर ह्यांनी सही केली की खुशाल विकू शकते. मग आता मी आत जाऊन ह्यांना उठवायचं, ती ओळ पुसलेला फोटो समोर धरायचा आणि म्हणायचं, करा सही. आणि केली तर गं? हसून केली तर?

नको. राहू दे. सही तिची, फोटो ह्यांचा. त्या फोटोची काच मी पुसते, रोज. कायद्यात काचेचं काही आहे का? नाही ना. मग सांग कुमुदताईंना, बंद केलं म्हणावं, उरलेले सगळे हे घे, घेऊन जा. नाही, चहा नको आता, तुला उशीर होईल. आणि दार हळू ओढ.