घराचे चार फोटो

विद्यापीठात फीमाफीच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते.

“घराचे चार-चार फोटो कशाला गं मागतात?”

“आपण खरंच गरीब आहोत का, ते तपासतात.”

“आणि फ्रिज दिसला तर?”

“तो शेजारच्या काकूंकडे ठेवूनच फोटो काढलेत, बाबा. माफी नाही मिळाली तर माझं वर्ष बुडेल.”

“कुलगुरूंना पाच लाख पगार, राहायला बंगला, तरी वर घरभाडं भत्ता! कुठंतरी पाणी मुरतंय. त्यांच्या घराचे फोटो कोण तपासतं?”

“हळू बोला ना! माफी तेच मंजूर करतात.”

“अस्सं? मग अर्जात ‘माननीय’ लिहिलंस ना?”

“दोनदा लिहिलंय.”