तिला सांग, त्याला सांग

मंडळी, एक विचारतो. ज्यानं आपल्याला दुखवलं, तो माणूस मेला. आता त्याला क्षमा करायची कशी? तो तर ऐकायला नाही! मग ती क्षमा द्यायची कुणाच्या हातात?

ऐका. जैतापूरचा विश्राम मेस्त्री. वय एकोणीस, हातात सुतारकी. निघाला आफ्रिकेला — नैरोबीला, रेल्वेच्या कारखान्यात! बापाला ते पसंत नव्हतं. बोट सुटली तेव्हा सगळी वाडी धक्क्यावर आली. बाप आला नाही! चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं हो. पण नाही. अबोला! पुढं घरून पत्रं आली, त्यांत बापाचा एक शब्द नाही.

आता विश्राम काय शिकला असेल? 'मी माझ्या लेकराशी असा वागणार नाही' — हेच ना? अहो, आपण सगळेच असं म्हणतो!

त्याचा मुलगा दिगंबर, नैरोबीतच वाढलेला. बापाला आप्पा म्हणायचा. बापाला वाटलं, हाही कारखान्यात येईल. हा झाला शाळामास्तर! झालं — विश्रामनं बोलणं टाकलं. एका घरात, एका पंगतीत, सात वर्षं! मधे बिचारी सून, सुलोचना. "सूनबाई, त्याला सांग, पत्रा गळतोय." दिगंबर शेजारच्याच पाटावर! तोही म्हणायचा, "त्यांना सांग, ऐकलं."

हसताय? हसा. तुमच्या घरी असलं कधी झालंच नाही, होय ना?

विश्राम गेला. दिगंबर बायकोला घेऊन इंग्लंडला आला, लेस्टरला. तिथं उशिरानं मुलगी झाली, हेमांगी. हुशार पोर! औषधशास्त्राचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि शहराची बस चालवायला लागली. दिगंबर खवळला. नोकरीसाठी नव्हे हो — 'माझं ऐकलं नाही' म्हणून! पोरगी दुसऱ्या गावी राहायला गेली. चार वर्षं बाप बोलला नाही. दर रविवारी तिचा फोन यायचा, आई उचलायची, आणि हा पेपराआडून म्हणायचा, "तिला सांग, रस्त्यावर बर्फ आहे. जपून चालव."

बघा! माया आहे. पण तोंडातून निघत नाही!

एका रविवारी फोन वाजला. सुलोचना मेथी निवडत बसलेली. उठेना.

"अगं, फोन!"

"ऐकतेय. तुम्ही उचला. लग्न होऊन आले तेव्हापासून निरोप पोचवतेय. आधी मामंजींचे, आता तुमचे. आजपासून बंद."

फोन वाजून वाजून थांबला.

"मामंजी गेले त्या दिवशी काय म्हणाले, आठवतं?" ती म्हणाली. "'त्याला सांग, पाणी दे.' तुम्ही दारात उभे होतात. म्हणालात, 'त्यांना सांग, स्वतः मागा.' शेवटी पाणी मी पाजलं."

दिगंबरनं पेपर आपटला. "एकदा नावानं हाक मारायची होती त्यांनी!"

"त्यांना कुठं येत होती हो? त्यांच्या बापानं कधी मारली का? पाणी मागितलं, तीच हाक होती. त्यांना तेवढंच जमलं."

मंडळी, सत्तरीचा म्हातारा खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. "आप्पा... आप्पा, आता राग नाही माझा. मी यायला हवं होतं."

फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यानं उचलला.

"आई, किती वेळ गं! ऐक, बाबांना सांग—"

"सांग. बाबाच आहे."

पलीकडून आलं, "बाबा?"

"हेमांगी, माझं चुकलं बाळा."

"चार वर्षं, बाबा!" ती म्हणाली. "मला नाही एवढ्यात विसरता येणार."

"नको विसरूस. ओरड माझ्यावर. पण मलाच सांग."

आणि ती ओरडली हो! अर्धा तास! म्हातारा भिंतीला टेकून ऐकत राहिला. एकदाही मधे बोलला नाही. सुलोचनेनं हळूच भाजी फोडणीला टाकली.

मेलेल्या बापाला केलेली क्षमा कुणाच्या हातात पडली? जिवंत लेकीच्या! आप्पांना ती बोलून दाखवायचा दुसरा रस्ताच नव्हता.

आता तुमच्याकडे वळतो. माना खाली घालू नका! या मंडपात एका गाडीतून येऊन दोन टोकांना बसलेली माणसं आहेत. मला इथून दिसतात. टाळ्या वाजवा, देवाचं नाव घ्या. देव थांबेल, त्याला घाई नाही. घरचं माणूस थांबेलच असं नाही. त्याला आज हाक मारा — स्वतःच्या तोंडानं!