दीड सेकंदाचं हसू

...आणि वर मलाच विचारतात, "तुला संगीतातलं काय कळतं रे?" मला! दोन वर्षं साउंडच्या दुकानात केबली गुंडाळून ज्याच्या तळहाताला घट्टे पडलेत, त्या मला! आणि विचारतंय कोण, तर ज्यांच्या कानात यंत्र आहे आणि त्या यंत्राची बॅटरी मीच बदलून देतो, ते! तुम्हाला सांगतो, कॉलेज सोडलं तेव्हा वाटलं होतं, सुटलो, आता म्हाताऱ्यांची भाषणं बंद. कसलं काय... प्राध्यापकांच्या तावडीतून सुटलो तो थेट झगमगबाईंच्या चाहत्यांच्या तावडीत. आणि ही सगळी कटकट कशापायी? दीड सेकंदापायी! दीड सेकंद, तुम्हाला सांगतो, दीड सेकंद!

झगमगबाई हे नाव मी ठेवलेलं, हां. तोंडावर 'मॅडम' म्हणायचं, नाहीतर ती सत्तेचाळीस माणसं मला स्पीकरच्या खोक्यात घालून वरून स्क्रू मारतील. सत्तेचाळीसच उरलीत, मोजून. एके काळी म्हणे या बाईंचा डिस्को ऐकायला माणसं भिंतींवर चढायची. आज बाई एकाहत्तरच्या आणि चढणाऱ्यांना खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात. पण महिन्याचा पहिला रविवार आला, दुपारचे चार वाजले, की शाळेच्या त्या जुन्या सभागृहात सगळी हजर. टेलरकाका, रिटायर झालेली नर्सबाई, दातांचे डॉक्टर (स्वतःचे दात शिल्लक नाहीत), आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, आमचे पप्पा. जन्मभर लोकांच्या घरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले या माणसाने, साधा हसून फोटो काढला नाही कधी, आणि त्या दिवशी अंगात काय, तर जांभळा चकचकीत शर्ट! कॉलर एवढी, एवढी मोठी, की पंखा फुल केला तर पप्पा जागेवरून उडतील.

वर आरशाचा गोळा. अर्धे आरसे पडलेले, मोटर कुईकुई करते, आणि टकलांवरून उजेडाचे ठिपके असे सरकत जातात, हळूहळू, कोणीतरी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून 'हा आहे... हा आहे... हा पण आहे अजून...' असं मोजत चालल्यासारखे. मला कधीच आवडलं नाही ते. गोळा काढून टाका म्हटलं, तर टेलरकाका म्हणतात, "अरे बाळा, अंधारात तो गोळाच सांगतो, कोण गेलं ते."

आणि बाई गात नाहीत, बरं का! आवाज गेला, त्याला पंधरा वर्षं झाली. बाई नुसते ओठ हलवतात. खाली वाजते चाळीस वर्षांपूर्वीच्या एका कार्यक्रमाची टेप, याच सभागृहात रेकॉर्ड झालेली, बाजारात कधी न आलेली, जगात एकच प्रत. हे सत्तेचाळीस जणांना माहीत आहे. कोणी बोलत नाही. म्हणजे समोर एकाहत्तर वर्षांची बाई, आणि तिच्या तोंडातून एकतीस वर्षांची बाई गाते, आणि हे लोक दोघींसाठी टाळ्या वाजवतात. आता मला सांगा, याला कार्यक्रम म्हणायचं की आणखी काही?

तर आमच्या दुकानाच्या मालकांनी ती स्पूलवाली टेप माझ्यापुढे आपटली. "कॉम्प्युटरवर घे. फार खरखरते. साफ कर." मी म्हटलं, साफ कर तर साफ कर. ते मोठं जुनं मशीन काढलं, टेप लावली, आणि ती एकदाच वाजली, तुम्हाला सांगतो, एकदाच... पुढे वाजत होती आणि मागे तिचा भुगा होत होता. तपकिरी भुकटी. मशीनवर, टेबलावर, माझ्या बोटांवर. गाणं संपलं तेव्हा स्पूलवर नुसती पारदर्शक पट्टी राहिली. पण म्हटलं, बिघडलं काय? कॉम्प्युटरमध्ये आलंय ना सगळं!

मग बसलो साफ करायला. खरखर काढली. शिट्ट्या काढल्या. कोणीतरी खोकत होतं, त्याला हाकललं. आणि तिसऱ्या कडव्याच्या आधी एक जागा येते, तिथे ड्रम थांबतो, गिटार थांबते, सगळं चिडीचूप, आणि त्या शांततेत आधी 'टक्' आणि मग कोणीतरी मुलगी हसते. खळखळून. शेवटी छोटासा आचका, उचकीसारखा. दीड सेकंद. मी मनात म्हटलं, कोण ही येडी, एवढ्या भारी जागी खिदळतेय? निवडलं. पुसलं. तिथे कोरी करकरीत शांतता भरली. फाइल त्याच नावाने सेव्ह केली, कारण कॉम्प्युटरवर जागा नव्हती, आणि घरी जाऊन ढाराढूर झोपलो. वर मेहनत केल्याच्या समाधानाने!

पहिला रविवार. मी मागे मिक्सरवर, हाताची घडी, म्हटलं, आता बघा म्हाताऱ्यांनो, साउंड कशाला म्हणतात. पहिलं कडवं, दुसरं कडवं, ड्रम थांबला... आणि सत्तेचाळीस हात वर गेले.

दर वेळी जातात. मी समजायचो, डिस्कोचा काहीतरी अंगविक्षेप असेल. त्या हसण्याला हात वर करायचा आणि ते संपलं की खाली घ्यायचा, ही टेप लागायला लागल्यापासूनची, पंधरा वर्षांची पद्धत. पण आता हसणं आलंच नाही. मग हात खाली कशावर घ्यायचा? दीड सेकंद, तुम्हाला सांगतो, दीड सेकंद! मी आयुष्यात इतकी लांब गोष्ट ऐकलेली नाही. तिसरं कडवं सुरू झालं, हात वरच. वरून ते ठिपके बोटांवरून फिरतायत. आणि स्टेजवर बाईंचे ओठ मिटलेले. तोंड बंद, तुम्हाला सांगतो, घट्ट बंद, आणि स्पीकरमधून त्यांचा आवाज जोरात गातोय! एकटाच! मी फेडर, आवाजाची ती सरकपट्टी, पकडून नुसता बघत राहिलो.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी पण चार सुनावले असते. बाई स्टेजवरून उतरल्या, एकेक पायरी धरत माझ्यापाशी आल्या, आणि तो घोगरा, चिंधी झालेला आवाज, "हसणारी कुठे गेली?"

मी म्हटलं, "मॅडम, नॉईज होता तो."

"नॉईज," त्या म्हणाल्या. "अरे, माझ्या सँडलची टाच तुटली होती तिथे. ऐन गाण्यात. अख्खं सभागृह श्वास धरून बसलं होतं, मी आता रडणार की पळणार. आणि ती एक मुलगी हसली. चांगलं हसली, माझ्याबरोबर असल्यासारखी. म्हणून मी तिसरं कडवं गायले. नाहीतर त्या दिवशीच घरी बसले असते मी."

आता मला काय ठाऊक? कोणी लिहून ठेवलं होतं का टेपच्या डबीवर?

स्कूटरवर पप्पा मागे बसले. घरी आलो. शर्ट बदलायचं सोडून हा माणूस स्वयंपाकघरात स्टुलावर बसला, आणि मीटरचा आकडा सांगावा तशा आवाजात म्हणाला, "ती तुझी आई होती."

"कोण?"

"हसली ती. माझ्या मागच्या रांगेत होती. कोण हसलं म्हणून मी मागे वळलो." मग कॉलर नीट करत, "मग पुढे वळलोच नाही."

तुम्हाला सांगतो, मला राग आला. हो, राग! आई जाऊन चार वर्षं झाली. ती गेली आणि पंधरा दिवस झाले नव्हते तेव्हा हा माणूस हाच जांभळा शर्ट घालून डिस्कोला निघाला होता, आणि मी दारात उभं राहून जे बोलायचं ते बोललो होतो. 'लाज कशी वाटत नाही' इथपासून पुढे सगळं. त्याने उत्तर दिलं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे 'गॅस संपलाय', 'चावी कुठंय', एवढंच. अरे, मग तोंड नव्हतं का तेव्हा? 'तुझी आई ऐकायला चाललोय' एवढे चार शब्द! पण नाही, या पिढीला सगळं पोटात ठेवायचं असतं आणि आम्ही न विचारता ओळखायचं असतं!

म्हटलं, "सांगितलं का नाहीत?"

तर म्हणतात कसे, "मला वाटलं, तू ओळखलं असशील. आवाज तिचाच की."

नाही ओळखलं. मी माझ्या आईचं हसणं हेडफोन लावून ऐकलं, तीन वेळा ऐकलं, आणि नॉईज म्हणून पुसलं. माझ्या कानात राहिली ती शेवटच्या दोन वर्षांतली आई, तेव्हा हसली की दम लागायचा, मग ती हसायचीच नाही. हे असलं खळखळून वगैरे माझ्या ओळखीचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर पप्पा दुकानात, माझ्या मशीनवर वाकून, पोस्टकार्डाने ती तपकिरी भुकटी गोळा करतायत. एका डबीत भरली. झाकण लावलं. मला म्हणतात, "यातच असेल ना रे ती कुठेतरी?" आता याला मी काय तांत्रिक उत्तर देऊ?

फाइल परत मिळवायचे सगळे उपाय केले. नाही मिळाली. त्याच्या जागी काय मिळालं सांगू? ते दीड सेकंद. सगळीकडे. घरात फ्रिजची मोटर बंद होते आणि पुढचा आवाज येईपर्यंत... दीड सेकंद. लिफ्ट थांबते आणि दार उघडेपर्यंत... मोजलंय मी. फोन उचलला की 'हॅलो'च्या आधी. आणि दर वेळी असं वाटतं, की कोणीतरी आत्ता हसणार होतं आणि मी आहे म्हणून थांबलं.

त्यात जहाजावरच्या बँडचं काम आलं होतं मला. मोठं प्रवासी जहाज, रोज रात्री शो, सहा महिने पाण्यावर. म्हटलं, उत्तम, हो म्हणायचं आणि निघायचं. समुद्रात ना पप्पा, ना गोळा, ना झगमग.

तेवढ्यात ही वरात दुकानात आली! म्हणे, आम्ही हसून देतो, तू रेकॉर्ड कर आणि गाण्यात चिकटव. टेलरकाका माइकपुढे, "हिहिहिहि!" नर्सबाई म्हणाल्या, "अहो, शिलाई मशीन चालवताय का? बाजूला व्हा. आधी श्वास होता, मग हसू. असं, हाऽऽ... ख्याख्याख्या!" डॉक्टर म्हणाले, "ख्याख्या नव्हतं, खिखि होतं, मी दुसऱ्या रांगेत होतो!" "तुम्ही? तुम्ही त्या दिवशी आलाच नव्हतात!" "मी? मी नव्हतो?" आणि कवळी बाहेर. थेट मिक्सरवर. बरोबर माइकच्या बटणांवर, आणि तिथेच बसली, दात विचकून! आणि टेलरकाका गंभीरपणे तिच्याकडे बघून म्हणाले, "हे त्यातल्या त्यात जवळचं आहे."

मला राहवलं नाही. चार वर्षं जे कुठेतरी अडकलं होतं ते फुटलंच. हसलो मी. पोट धरून. आणि शेवटी आपोआप एक आचका आला, उचकीसारखा.

दुकान गप्प.

नर्सबाईंचा हात वर गेला. मग टेलरकाकांचा. मग डॉक्टरांचा, एक हात तोंडावर, एक वर. मी वळून बघितलं. दारात पप्पा उभे होते, मी विसरलेला डबा घेऊन. डबा एका हातात. दुसरा वर.

मी म्हटलं, "काय आहे? काय झालं?" मलाच ऐकू आलं मग. माझ्याच तोंडातून, माझ्याच दुकानात.

रेकॉर्ड करायला गेलो, तर खोटं येतं. वीस वेळा केलं. रेडिओवरच्या जाहिरातीतल्या माणसासारखा हसतो मी. तेव्हा ठरलं काय, तर लाइव्ह. दर महिन्याला! पहिल्या रविवारी ड्रम थांबला की मी माइक उघडतो, तिसऱ्या रांगेतल्या त्या कॉलरकडे बघतो, आणि येतं. ती कोरी जागा भरते. बाईंचे ओठ हलतात. सगळे हात खाली येतात. एक सोडून. गाणं संपतं, लाइट लागतात, लोक जिने उतरतात, आणि मला माइकमध्ये सांगावं लागतं, "पप्पा, हात खाली घ्या. आई गेली."

आणि हा माणूस, शांतपणे, "हो रे. पुढच्या महिन्यात येईल."

आता मला सांगा... दीड सेकंदासाठी! जहाजवाल्यांचा फोन आला होता काल. मी एकच विचारलं, की महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारच्या आत, मला किनाऱ्यावर सोडता येईल का.

पलीकडे शांतता. मी मोजली. आणि मग ठेवला त्यांनी फोन.