पहिली रांग, तिसरी खुर्ची

खोविता : ...आणि ह्या झोपेच्या गोळ्या परत ने म्हणते मी. खुबा मोडलाय माझा, झोप नाही मोडली.

नाबोर : मी औषधाच्या दुकानातून नाही आलो, मावशी.

खोविता : मग चर्चमधून? पाद्रीबाबांना सांग, खोविता इतक्यात मरत नाही. अख्ख्या पुएब्ला शहरात तिच्यासारखे मक्याचे तमाल वाफवायला दुसऱ्या कोणाला जमेपर्यंत तर नाहीच.

नाबोर : पाच शुक्रवार झाले, तुम्ही कुस्तीला आला नाहीत. तिकीटवाल्याकडून पत्ता काढला. पहिली रांग, तिसरी खुर्ची.

खोविता : दिलीत वाटतं माझी खुर्ची कोणाला?

नाबोर : एक पोरगी बसते. मी रिंगच्या दोरावरून वाकून तिच्यावर मूठ उगारली, तर तिनं हसून फोटो काढला.

खोविता : तू उगारलीस? ...जरा चालून दाखव रे. दारापर्यंत. डावा पाय ओढतोस. अरे मुडद्या! तूच तो रिंगमधला कबरखोद्या! माझ्या घरात? देवमातेच्या तसबिरीसमोर?

नाबोर : पाय पुसून आलोय, मावशी.

खोविता : आणि कुस्तीतला तो काळा मुखवटा?

नाबोर : खिशात आहे. घालून आलो असतो तर तुमच्या गल्लीनं डोक्यात दगड घातले असते.

खोविता : घालायलाच हवेत. ये, उजेडात ये. मला वाटायचं आत साक्षात सैतान असेल. हा तर बेकरीवाला निघाला!

नाबोर : वडील बेकरीतच होते. पाव भाजायचे. हे तोंड बघणाऱ्या प्रेक्षकांत तुम्ही पहिल्याच.

खोविता : नाव काय तुझं? खरं?

नाबोर : नाबोर.

खोविता : नाबोर. बस. खुर्ची मोडकी आहे, रिंगमध्ये आपटतोस तसा आपटू नकोस.

नाबोर : सुरुवातीला रिंगमध्ये मी चांगला होतो, माहितीये? पांढरे कपडे, पांढरा मुखवटा. आठ महिने लढलो. मी जिंकलो तरी लोक शेंगा सोलत बसायचे. मग आखाड्याच्या मालकानं हा काळा मुखवटा दिला. म्हणाला, आजपासून तू वाईट. पहिल्याच शुक्रवारी मी त्या देखण्या गाब्रिएलच्या डोळ्यांत माती फेकली आणि मागून पाठीत चप्पल बसली.

खोविता : माझीच. दिवसभर गिरणीत मुकादमाची बोलणी खाऊन आले होते. त्याला मारता येत नव्हतं.

नाबोर : अख्खं सभागृह ओरडलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, मी दिसतोय लोकांना.

खोविता : रेमेदियोस गेली त्या आठवड्यातल्या शुक्रवारीही मारली होती मी.

नाबोर : माझ्या बायकोचं नाव तुम्हाला कसं माहीत?

खोविता : लढतीआधी बसमधून उतरून मागच्या बोळातून येत होते. तू मुखवट्यासकट पायरीवर बसून रडत होतास. तिकीटवाल्याला विचारलं, तर म्हणाला, मंगळवारी त्याची बायको गेली, रेमेदियोस.

नाबोर : आणि तरीही मारलीत? त्या दिवशी तर फारच जोरात लागली होती.

खोविता : मी गप्प बसले असते तर सगळेच गप्प बसले असते. मग तू तिथंच कोसळला असतास, सगळ्यांदेखत.

नाबोर : ...हो. कोसळलो असतो.

खोविता : हं. आता का आलास ते सांग.

नाबोर : येत्या शुक्रवारी माझी शेवटची लढत. मानेनं दगा दिला, डॉक्टर पुढे नाही म्हणतात. मालकाचं म्हणणं, लढत संपली की मुखवटा काढ, हात जोडून लोकांची माफी माग. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतील.

खोविता : तुला काय हवंय?

नाबोर : रेमेदियोस नेहमी म्हणायची, एकदा तरी माझ्या नवऱ्यासाठी टाळ्या वाजू देत. पण माझं मन होईना. म्हटलं, तुम्हाला विचारावं.

खोविता : माफी कसली मागतोस? आठवडाभर साहेबाचं, सासूचं, पोलिसाचं ऐकून घेतलेली माणसं शुक्रवारी तुझ्यावर ओरडायची आणि घरी जाऊन शांत झोपायची. मीसुद्धा. आता तू भला माणूस निघालास, तर ती म्हणतील, अरेरे, आपण एकतीस वर्षं कोणाला छळलं? त्यांची झोप उडवू नकोस, बाबा. वाईटच राहा. ऐटीत जा.

नाबोर : मलाही तेच वाटत होतं. फक्त...

खोविता : फक्त काय?

नाबोर : काही नाही. म्हणजे टाळ्या राहिल्याच, इतकंच.

खोविता : दार लाव. खिडकीसुद्धा. शेजारीण बघेल, आणि माझी अब्रू जाईल. आता घाल तो मुखवटा. नीट उभा राहा तिथं, पलंगाच्या पायथ्याशी.

(ती उशीला टेकून टाळ्या वाजवू लागते. बराच वेळ.)

खोविता : हात दुखले रे, नाबोर. पुरे का?

नाबोर : आणखी थोड्या, मावशी.