फॉर्ममध्ये 'काही नाही'

गाब्रोवो शहरात दातांच्या डॉक्टरकडे बसलो होतो. शेजारी ढोबळी मिरच्यांच्या कारखान्याचे मालक स्तामेनकाका आणि आकडेवारी कचेरीतली रोसित्सा.

"रोसित्सा, तुमच्या कचेरीचा फॉर्म भरला गं. 'तीन वर्षांत नवीन काय केलंत?' लिहिलं, काही नाही."

"अहो काका, भाजलेल्या मिरच्या सोलायचं यंत्र केलंत ना?"

"ते जुन्या वॉशिंग मशीनपासून केलंय. नवीन कुठलं?"

"तुमच्यासारखे असं लिहितात, म्हणून नव्या शोधांच्या यादीत देश तळाला! मग सरकार म्हणतं, लोकांना डोकं नाही, बाहेरून तज्ज्ञ आणा."

"आला होता एक."

"काय शिकवलं?"

"दोन तास यंत्राभोवती फिरला. म्हणाला, असंच एक आम्हाला द्या. दिलं बनवून."

"आणि तरी 'काही नाही'?"

"अगं, दुसरं हुबेहूब पहिल्यासारखंच केलं. त्यात नवीन काय?"