गजा मेस्त्रीने न बसवलेला कॅमशाफ्ट

माझं इंजिन उघडं टाकून हा माणूस गेला. हे आधी बोलते. नमस्कार मग.

आमच्या एटीव्हीचं इंजिन. ती चार जाड चाकांची, वर बसून चालवायची गाडी, तिचं. गॅरेजात टेबलावर पडलंय. डोकं, म्हणजे वरचं झाकण, काढलेलं, वर जुनं धोतर टाकलेलं. बाजूला दोन कॅमशाफ्ट, दोन्ही तेलकट कागदात गुंडाळलेले. कोणता बसवायचा, ते न सांगता गेला.

हां. आता नमस्कार. सरपंच, मालगुंडहून आलेले पाहुणे, वाडीतल्या बाया, सगळ्यांना नमस्कार. मला बोलायला उभं केलंत ही चूक तुमची. तिसरीत माझी शाळा सुटली. भाषण मला येत नाही, आणि आज तर काय बोलायचं तेच कळत नाही. माझ्या आधी चौघं बोलले. गजा देवमाणूस होता म्हणाले. मी बाजूच्या बाईला विचारलं, अगो, कुठच्या गजाबद्दल चाललंय? आपला गजा मेस्त्री तोंडाने फाटका होता. शनिवार म्हणाला तर मंगळवार समजायचा. पण गाडी बिघडवून त्याने कधी परत दिली नाही. उशिरा दिली. बिघडवून नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमची आंब्याची बाग खाली व्हाळाकडे, ओढ्याकडे आहे आणि रस्ता वर सड्यावर, कातळाच्या माळावर. मध्ये जांभ्याची घाटी. आंब्याचे क्रेट वर आणायचे तर ती गाडी, नाहीतर डोकं. गाडी माझी सून चालवते. डोक्यावरून आणायचे तर सून आणि मी. माझा गुडघा गेल्या वर्षी गेला. आणि झाडावरचं फळ आठ-दहा दिवसांत काढायला येईल. ते मेस्त्रीच्या दुखवट्यासाठी थांबणार आहे का?

तर पावसाळ्यानंतर इंजिन टकटक वाजायला लागलं. गजाने उघडलं आणि मला बोलावलं. लोखंडाचा एक दांडा हातात दिला. त्यावर अंड्यासारखे फुगवटे. म्हणाला, "काकी, ह्याला कॅमशाफ्ट म्हणतात. हा फिरला की फुगवटे झडपा उघडतात. झडप उघडली की इंजिन श्वास घेतं. आता बोट फिरव."

फिरवलं. एक फुगवटा झिजून सपाट झालेला.

"तेल कोण बघायचं?" म्हणाला.

तेल मी बघायची. दांडा परत त्याच्या हातात दिला. तो पुढे काही बोलला नाही. एवढंच त्याचं देवमाणूसपण मला ठाऊक आहे.

आता नवीन घालायचा. माझ्या मंगेशला, मुंबईत असतो तो मुलगा, त्याला कळलं. त्याने लगेच एक पाठवला. परफॉर्मन्सवाला. फोनवर म्हणतो, "आई, हा बसव, गाडी उडेल बघ." मी म्हटलं, मेल्या, मला उडायचं नाही, मला चढायचं आहे. गजाने स्वतःच्या ओळखीने दुसरा मागवला. दोन्ही माझ्यापुढे ठेवले.

"हा मंगेशचा. फुगवटा उंच, झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. इंजिन जोरात फिरलं की ढीगभर हवा घेणार, पळणार. पण हळू असताना जीव नाय. उभ्या जागी फुरफुरत बसेल. हा माझा. हळू असताना ओढेल. पळणार नाय, पण सोडणार पण नाय."

"मग तुझाच बसव की!"

"असं नाय काकी. तुझी सून हळू चालवते का?"

आता सगळे हसताय ते बरोबर आहे. माझी सून व्हाळाकडच्या सपाटीवर अंगठ्याने रेस दाबते ती वरच्या वळणापर्यंत सोडत नाही. घाटी ती वेगावरच चढते. गजा म्हणाला, "कॅम रस्त्याकडे बघून निवडायचा नाय, सुनेच्या अंगठ्याकडे बघून निवडायचा. गाडी कुठे दमते ते आधी बघू."

ही त्याची पद्धत. पुस्तकातला आकडा तो बघायचा, पण शेवटी. तो झिजलेला दांडा परत बसवला, गाडीवर क्रेटांत जांभ्याचे दगड भरले आणि सुनेला चार वेळा घाटी चढायला लावली. स्वतः वळणावर डोळे मिटून उभा, नुसता कान देऊन. आणि सुनंदा, त्याची बायको, मागून चालत. हळू असताना इंजिनाचा आवाज पडला की त्या जागी झाडाला पांढरी चिंधी. जोरात असताना पडला की लाल चिंधी. चिंध्या माझ्या जुन्या लुगड्यांच्या. पांढऱ्या जास्त निघाल्या तर गजाचा कॅम, लाल जास्त निघाल्या तर मंगेशचा. सोपं होतं. दोन दिवसांनी येऊन शांतपणे मोजतो म्हणाला.

दोन दिवसांनी काय झालं ते तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. खाली बघू नका. चिंध्या दिसल्या आणि कुणाला तरी वाटलं, राखणदाराचं, घाटीच्या देवाचं काहीतरी आहे. एकाने नारळ ठेवला. दुसऱ्याने नवस बोलून लाल चिंधी बांधली. मग तिसऱ्याने. पांढऱ्या अशुभ दिसतात म्हणून कुणीतरी सोडून टाकल्या. गजा मोजायला गेला तर घाटीभर लाल! उदबत्ती लावलेली! डोक्याला हात लावून दगडावर बसला. मला म्हणाला, "काकी, ह्या हिशोबाने तुझ्या गाडीला विमानाचं इंजिन लागेल."

एक नारळ मी पण ठेवला होता. का, विचारू नका. सगळे ठेवत होते.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझा गोंधळ कळेल. गजाच्या हाताखाली प्रकाश काम करतो. इथेच बसलाय. प्रकाश सांगतो, मेस्त्रींनी गणपतीच्या शाळेतून, मूर्ती करतात तिथून, शाडूची माती आणली, पिस्टनवर थापली, मंगेशवाला कॅम लावून इंजिन हाताने फिरवलं, आणि झडप पिस्टनला आपटत तर नाही ना, ते मातीतल्या ठशावरून बघितलं. मधे पापडाच्या जाडीएवढी जागा राहिली. म्हणजे बसतो. म्हणजे तोच ठरला. बरं. पण मला गजा म्हणाला होता, मोठा कॅम घातला तर झडपांच्या स्प्रिंगा पण कडक घालाव्या लागतील. त्या त्याने मागवल्याच नाहीत. म्हणजे छोटा ठरला? मग माती कशाला थापली? कळत नाही. मला खरंच कळत नाही.

आणि जायच्या आदल्या दिवशी रस्त्यात भेटला. सायकलवरून हात केला. "काकी, ठरलं!"

"कुठचा रे?"

"चालवून ओळख."

आणि गेला. सकाळी छातीत दुखलं, आणि गेला. ठरलं म्हणाला. काय ठरलं? माणसाने असं जावं का? मला राग आलाय की दुसरं काही झालंय, तेही मला नीट सांगता येत नाही. अकरा दिवस मी त्याला शिव्या घालतेय. सून म्हणते, आई, गेलेल्या माणसाला असं बोलू नये. मग कुणाला बोलू?

मंगेश फोनवरून सांगतो मोठा बसव. प्रकाश सांगतो मोठाच. सरपंच सांगतात छोटा; सरपंचांनी आयुष्यात स्कूटरचा प्लग बदललेला नाही. मागच्या रांगेत गॅरेज कुणी घ्यायचं, हत्यारं कुणी न्यायची, ते पण चाललंय. गुडघा गेला तरी माझे कान शाबूत आहेत.

काल मी गॅरेजात गेले. म्हटलं, इंजिन उचलते आणि चिपळूणला नेते, तिथला कोणीतरी काहीतरी बसवेल. टेंपो दारात उभा केला. सुनंदा आली आणि इंजिनावर हात ठेवून उभी राहिली.

"काकी, हे हलवू नका. मापं लावून ठेवलीत."

"कुणी लावली?"

पदराने टेबलाची कड पुसायला लागली.

"सुनंदा, कुठचा ठरला होता? तुला माहीत आहे."

"मी काय सांगू? प्रकाशला विचारा. मंगेशभावजींना विचारा."

वीस वर्षं बघतेय मी. गॅरेजात गिऱ्हाईक आलं, गजा नसला, तर ही काय बोलायची? ह्यांना विचारा. आतून पाना तिनेच काढून दिलेला असायचा, नटाचं माप तिलाच पाठ असायचं, फीलर गेज, ती फट मोजायची पट्टी, तिच्याच पदराला पुसलेलं. पण ह्यांना विचारा. घाटीत मागून चालली कोण? कुठे पांढरी बांधली, कुठे लाल, ते बांधलं कोणी? आपण नारळ ठेवून घाटीची वाट लावली, पण तिच्या डोक्यातल्या चिंध्या कुणी सोडल्यात का? अकरा दिवस ह्या वाडीने तिला चहा पाजला, रडू नको सांगितलं, आणि एकाने तिला विचारलं नाही. मी पण अकराव्या दिवशी विचारलं. टेंपो घेऊन.

बस झालं. उभे राहा सगळे. खुर्च्यांचा आवाज करू नका. गजा मेस्त्री, तुला उभ्याने नमस्कार. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, फोन बंद.

दोन मिनिटं झाली की तिथे कोपऱ्यात बसली आहे ती सुनंदा सांगेल कुठचा कॅम. प्रकाश, तू तोंड उघडायचं नाहीस. सरपंच, तुम्ही पण नाही. सुनंदा, कुणाकडे बघू नकोस. आणि ती बोलेपर्यंत कुणी खाली बसायचं नाही.